सूर्यासमोरची तीन माणसं

दिवाळी मागे पडली की आमच्याकडे हवेला मळीचा वास येतो. कारखान्याची धुराडी पेटतात, फडात कोयते चालू होतात आणि पाचट जाळल्यावर उडालेली काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. आणि माझ्या दवाखान्यात जबडे यायला लागतात. मी दातांची डॉक्टर, इस्लामपुरातली. एरवीचं वर्ष किडलेल्या दाढांचं असतं, हा हंगाम मात्र फुटलेल्या दातांचा. कुणी ट्रॉलीवरून पडलेला असतो, कुणी बांधावर भांडलेला असतो, पण सांगतात सगळे एकच, "पडलो." पडलेल्या माणसाची हनुवटी फुटते आणि काठी बसलेल्याचा जबडा बाजूनं मोडतो, हे मला न सांगता कळतं. पण मी खोलात जात नाही. माझं डोकं लवकर तापतं, विचारायला गेले तर मीच कुणाच्या तरी दारात भांडायला जाऊन उभी राहीन.

परवा मेंढरं आली. माण-खटावच्या माळावरचं गवत संपलं की धनगर कळप घेऊन खाली नदीकाठाकडे उतरतात. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवतात, म्हणजे रानाला लेंड्यांचं खत मिळतं आणि कळपाला चारा. रस्ता अडवून ती लोकरीची लाट माझ्या स्कूटरला घासून गेली, ओल्या लोकरीचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मला ती दिवाळी आठवली. कोरोना सरल्यानंतरची, सगळ्यांनी दणक्यात करायची ठरवलेली, आणि नेमकं लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मध्ये सूर्यग्रहण येऊन बसलेली.

ग्रहणांचे फोटो काढणं हा माझा नाद आहे. नवऱ्याच्या भाषेत खूळ. लोकांना वाटतं, आकाश बघणारी माणसं शांत असतात, हळुवार असतात, रात्री चांदण्यात बसून सुस्कारे टाकतात. टाकत असतील. मी सूर्यवाली आहे. सूर्य हा काही हळुवार प्रकार नव्हे. माझा पहिला कॅमेरा त्यानं मारला. लेन्सवरची काळी फिल्म वाऱ्यानं उडाली, मी ती शोधायला वाकले, तेवढ्यात आतून प्लास्टिक जळल्याचा वास आला. उघडून पाहिलं तर शटरच्या पडद्याला भोक पडलं होतं, विडीनं सदऱ्याला पडतं तसं. त्या जागी माझा डोळा असता तर, या विचारानं त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नवीन कॅमेऱ्याची चौकशी करायला लागले.

ग्रहणाची आपल्याकडची गोष्ट तरी कुठे मवाळ आहे! पंगतीत चोरून अमृत प्यायला म्हणून एकाचं मुंडकं उडवलं, आणि ते मुंडकं अजून चिडून चुगली करणाऱ्यांना गिळत फिरतंय. लहानपणी आजूबाजूच्या बायका ही गोष्ट सांगायच्या तेव्हा त्यांना ग्रहणाची भीती वाटायची. मला मात्र त्या मुंडक्याची दया यायची, कारण गिळलेला सूर्य त्याच्या चिरलेल्या गळ्यातून लगेच बाहेर पडतो. एवढा राग, आणि पोटच नाही. मी मोठी झाले, सावल्यांचं गणित शिकले, तरी फिल्टरमधून सूर्याचा पहिला लचका तुटताना दिसला की मला तो दातांचाच वाटतो. धंद्याचा परिणाम असेल.

त्याआधीच्या एका डिसेंबरात मी औंधला यमाईच्या डोंगरावर गेले होते. सकाळचं ग्रहण होतं, चांगलं मोठं. थंडीनं बोटं आखडली होती. सूर्याची कोर उरत गेली तसं ऊन पिवळं राहिलं नाही, पत्र्यासारखं झालं. पायऱ्यांवर झाडाच्या सावलीत उन्हाचे जे गोल कवडसे पडतात ना, त्या सगळ्यांचे कोयते झाले. शेकडो लहान लहान कोयते, वाऱ्यानं हलणारे. पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले, जणू खरोखर कापलं असतं. मी हसले. मग हळूच मीही पाय वर घेतले.

तर दिवाळीतलं ग्रहण. सूर्य ग्रहणातच मावळणार होता, म्हणजे लचका तुटलेला लालभडक सूर्य थेट जमिनीला टेकताना मिळणार होता. असं सारखं मिळत नाही. माझ्या आत्याचं घर गावाबाहेर शेतात आहे. तिच्या गच्चीवरून पश्चिमेला उसाचं एक रान ओलांडलं की एकदम बोडका माळ उठतो, त्यावर झाड नाही, झुडूप नाही. सूर्य त्या माळाच्या धारेवर उतरतो. मी दुपारीच जाऊन तिथे कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. आत्यानं त्या लांबलचक लेन्सकडे बघून विचारलं, "ही तोफ कुनावर लावलीयास?"

आत्या तशी हुशार बाई. दुधाच्या सोसायटीत निवडून आलेली. पण ग्रहणाला तिचं शहाणपण कोनाड्यात जातं. लाडवांच्या डब्यावर तुळशीचं पान, पाण्याच्या हंड्यात पान, लोणच्याच्या बरणीवर पान. विळी उलटी करून ठेवलेली. सगळ्या शिवारात तेच. माणसं घरात, दारं लावलेली, चूल थंड, रस्ता ओस. एरवी दिवाळीच्या संध्याकाळी नुसता फटाक्यांचा कडकडाट असतो, तो गप्प. गावातल्या मशिदीत ग्रहणाची नमाज असते, माझी मदतनीस रुक्साना तिच्या घरच्या माणसांसाठी लवकर सुट्टी घेऊन गेली होती. म्हणजे काय, अल्लाचा असो की देवाचा, त्या घटकेला प्रत्येक जण छपराखाली होता.

"आगं ये की आत!" आत्या जिन्याखालून ओरडत होती. "डोळं जातील तुजं. आन् मग लोकांची दाताऐवजी जीभ उपटशील."

मी गेले नाही. सूर्याच्या उजव्या अंगाचा घास गेलेला होता आणि तो खाली येत होता. कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो काढत होता, मी मागच्या पडद्यावर बघत होते. थाळी माळाच्या धारेला टेकली. आणि माणसं आली.

माळाच्या धारेवर, बरोबर सूर्याच्या पोटात, दोन काळी माणसं उभी राहिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं मोठं आकाश, एवढा मोठा माळ, सगळा मुलूख दार लावून बसलेला, आणि या दोघांना नेमकं इथंच मरायचं होतं! "मुडद्यांनो, बाजूला सरा!" मी गच्चीवरून बोंबलले. एवढ्या लांब ऐकू जाणार थोडंच. त्यातल्या एकानं हात वर केला. हातात काहीतरी लांब होतं. मला वाटलं, साप मारतायत. हात खाली आला, पुन्हा वर गेला. दुसरा माणूस वाकला, आणखी वाकला. मग उजवीकडून तिसरं कुणीतरी, ठेंगणं, धावत सूर्यात शिरलं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले. आणि सूर्य गेला. नुसती तांबडी धूळ उरली. माझा सगळ्यात चांगला फोटो तीन उपटसुंभांनी नासला म्हणून मी चरफडत खाली आले आणि अंघोळ न करता लाडू खाल्ला, यावरून आत्याशी भांडलेसुद्धा.

पाडव्याच्या सकाळी दवाखाना बंद होता, तरी दार वाजलं. एक धनगर जोडपं. माणसाचा चेहरा डाव्या बाजूनं असा सुजला होता की डोळा मिटला होता. तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं आणि बायकोनं आपल्या पदरानं त्याची हनुवटी खालून दाबून धरली होती. माळ उतरून, सगळा रस्ता चालत, तशीच धरून आणली होती. तो बिरू. ती बायडा. ठेंगणी, काळी, दणकट बाई, नाकात मोठी चमकी.

"काय झालं?"

"घसरून पडलं," बायडा म्हणाली. बिरूनं मान हलवली. मी जबडा चाचपला. बाजूनं मोडला होता, उघड उघड काठीनं. मी बाही वर सरकवली. दंडावरही वळ होते, जांभळे, एकावर एक. भूल देऊन मी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना आवळून बांधले. हाड जुळेपर्यंत तोंड असंच मिटलेलं राहणार होतं. पेज, दूध, ताक, जे दातांच्या फटीतून जाईल तेवढंच. तार पिळताना तो एकदाही कण्हला नाही. बायडा मात्र त्याच्या पायाकडे उभी राहून त्याचा अंगठा करकचून दाबत होती.

निघताना तिनं विचारलं, "बोलता यील का त्यास्नी?"

"दात न उघडता थोडं थोडं येईल. पण बोलू देऊ नका."

"मग बरं," ती म्हणाली. मला ते तेव्हा समजलं नाही.

त्याच दिवशी आत्यानं फोनवर दुसरी बातमी दिली. संपतबापूंचा खांदा मोडलाय, मोटरसायकलवरून पडले, कऱ्हाडला हलवलंय. हे बापू माळाखालच्या रानाचे मालक. पोट पुढे, टोपी टोकदार, आवाज असा की बोलतात तेही ओरडल्यासारखं. बिरूचा कळप त्यांच्याच रानात बसलेला होता, दर हंगामाला बसायचा. एकाच संध्याकाळी एकाच माळाजवळ दोन माणसं पडतात, हे मला जरा जास्तच वाटलं. मी संगणक उघडला आणि नासलेले फोटो मोठे करून पाहिले.

सूर्य मधे चमचमत होता, उजवीकडून खाल्लेला, खालून माळानं कापलेला. आणि त्यावर सगळं स्वच्छ. टोकदार टोपी, पोट. त्याच्या एका हातात दाव्याला धरलेला मेंढा, वळलेल्या शिंगांचा. समोर मुंडासं बांधलेला माणूस, मेंढ्याच्या मानेला मिठी मारून. पुढच्या फोटोत काठी वर. पुढच्यात मुंडासं खाली पडलेलं. पुढच्यात काठी पुन्हा वर, आणि वाकलेला माणूस तरी मेंढा सोडत नाही. शेवटच्यात लुगड्याचा काचा मारलेली ठेंगणी बाई, डोक्यावर धरलेला धोंडा. तिच्या डोक्याच्या किंचित वर तो धोंडा काळाकुट्ट, सूर्याच्या उरलेल्या कडेला लागून. मी खुर्चीत मागे टेकले. ग्रहण कुठे, कधी लागणार हे माणूस पिढ्यान् पिढ्या आधी सांगू शकतो. पण काठी कुठे पडणार हे कुठल्या पंचांगात असतं?

मग हळूहळू गोष्ट कानावर आली. तो मेंढा बिरोबाला सोडलेला, म्हणजे देवाचा. बापूंना टकरीसाठी तो हवा होता. बिरूनं हात जोडून नाही म्हटलं. आणि बापूंचं खरं दुखणं वेगळंच निघालं. बाईनं धोंडा घातल्याची कुजबूज गावात सुरू झाल्यावर त्यांच्या गोष्टीतली मोटरसायकल एकाएकी गायब झाली. आता ते सांगायला लागले की पाच-सहा धनगरांनी घेरून मारलं, म्हणून लोळलो. त्यांनी तशी तक्रार दिली. बापूंच्या माणसांनी कळपाभोवती काट्याच्या फांद्या लावून मेंढरं कोंडून ठेवली. आत मेंढरं उपाशी ओरडत होती, ते आत्याच्या घरापर्यंत ऐकू येई. पाच-सहा माणसं कोण, याची नावं बापूंना देता येईनात, पण बिरूचं नाव पहिलं होतं. तो आत गेला असता तर कळप संपला असता, आणि कळपाशिवाय त्या दोघांकडे दुसरं काहीच नव्हतं.

बिरू तार तपासायला आला त्याच सकाळी हवालदार त्याला न्यायला दवाखान्यात आला. मी हातात चिमटा घेऊन मधे उभी राहिले. "तोंड बांधलेल्या माणसाला काय विचारणार तुम्ही? का तारा तोडून द्यायच्यात?" तो बिचारा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी दार लावलं, संगणक फिरवला आणि दोघांना फोटो दाखवले.

बिरूनं पहिला फोटो पाहिला आणि त्याचा उघडा डोळा भरला. शेवटचा पाहिला आणि तो ताडकन उठला. मान जोरात हलवायला लागला. नाही. नाही. टेबलावर मूठ आपटली, औजारं खणखणली. मला कळलं त्याला काय म्हणायचंय. हे दाखवलं तर तो सुटेल आणि बायडा अडकेल. पडलो म्हणून सांगायचं हे त्यानंच ठरवलं होतं. आता त्याला सांगता येत नव्हतं.

बायडा फोटोच्या जवळ गेली. नाक टेकेल इतकी.

"ही मी?"

"हो."

"लय बारीक दिसती."

"लांबून काढलाय."

ती बराच वेळ बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली. "गप ऱ्हावा म्हनला, ऱ्हायलो. पडलो म्हनायचं म्हनला, म्हनलो. आता तुमचं त्वांड बांदलंय. आता म्या बोलनार." तो हातवारे करत राहिला, तिनं बघितलंच नाही. मला म्हणाली, "बाई, घ्या त्ये डबडं. चला."

मी संगणक काखेत मारला आणि हवालदाराच्या पुढे चालू लागले. रागानं, आनंदानं, कशानं कोण जाणे. दुसऱ्या कुणाला धोंडा घालायला जमलं याचा मला सरळसरळ हेवा वाटत होता.

ठाण्यात बापू आधीच बसले होते, हात गळ्यात बांधलेला, चार माणसं भोवती. फौजदार तरुण होता, थकलेला. त्यानं फोटो एकेक करून पाहिले. "मॅडम, ह्या नुसत्या काळ्या आकृत्या आहेत. कुणीही असू शकतं."

"टोपी बघा. पोट बघा. देवाचा मेंढा बघा, त्याची शिंगं अख्ख्या शिवाराला माहिताहेत."

बापू उठून टेबलाशी आले. आपलं पोट सूर्यावर बघून त्यांचा चेहराच पडला. "ह्ये खोटं हाय! संगनकावर बनिवल्यालं हाय!" ते ओरडले. "तितं कोन येनार फोटू काडायला? गिऱ्हान हुतं. कुत्रं न्हवतं माळाव. सगळं गाव दार लावून बसलं हुतं म्हनून तर म्या तवा..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण ते खोलीत सगळ्यांनी ऐकलं होतं. भोवतालची चार माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. मला त्या माणसाची अक्कल बघून हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही. लोक भिऊन घरात बसतात ती घटका त्यानं पद्धतशीर निवडली होती. स्वतः तो ग्रहणाला भीत नव्हता, दुसऱ्यांच्या भीतीवर त्याचा भरवसा होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघंच ग्रहण न पाळणारे होतो, एक मी आणि एक तो. बिरू बाहेर होता, कारण मेंढरांना ग्रहण कळत नाही, त्यांना चरायला लागतं.

"आणि ही कोण?" फौजदारानं शेवटच्या फोटोवर पेन ठेवलं.

बायडा पुढे झाली. तिनं पडद्यावर, सूर्याच्या कडेला, आपलं खरखरीत बोट ठेवलं. "ही मी हाय. ह्यो धोंडा माज्या हातात हाय."

बिरूनं मागून तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"बाई, विचार करून बोला," फौजदार म्हणाला. "हे लिहिलं तर गुन्हा तुमच्यावर लागू शकतो."

"लागू दे. म्या न्हाई म्हनत न्हाई. पयला दनका त्येनं घातला तवा म्या लांब हुतो. दुसरा घातला तवा पळत आलो. तिसरा घालू दिला न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "पर लिवायचं तर नीट लिवा. पाच-सा जन न्हवतं. येकटी बाई हुती."

फौजदारानं बापूंकडे पाहिलं. बापूंच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सगळ्या तालुक्यात वाचलं जाईल अशा कागदावर, एकट्या धनगरणीनं खांदा मोडला, हे लिहिलं जाणं त्यांना मरणाहून वाईट होतं. ते खाली बसले. "ऱ्हाऊ द्या सायेब," ते हळू बोलले. त्यांचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "मिटवून टाका. मेंढरं सोडतो. माजी तक्रार न्हाई."

मला वाटलं, झालं. बिरू सुटला, कळप सुटला. मी संगणक मिटायला हात पुढे केला. बापूंची माणसं हुश्श करून दाराकडे सरकली. फौजदारानंही पेनाला टोपण लावलं.

बायडा हलली नाही. तिनं बाजूची रिकामी खुर्ची ओढली, लोखंडी पाय फरशीवर करकरले, आणि ती फौजदारासमोर बसली.

"त्येंची न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "आता माजी लिवून घ्या."

फौजदारानं बिरूकडे पाहिलं, नवऱ्याला काय म्हणायचंय ते बघायला. मीही पाहिलं. इतका वेळ मान हलवणारा तो माणूस भिंतीला टेकून उभा होता. त्याची मान आता स्थिर होती. सुजलेल्या ओठांच्या आत माझ्या तारा चमकल्या. दात न उघडता, प्रत्येक अक्षर दुखवत, तो म्हणाला, "लिवा."